आन्यॉंगहासेयोच्या पुढे काय?

ही मार्गदर्शिका कोरियात येऊन बरेच दिवस झालेल्या आणि तरीही नवशिक्यांतच मोडणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. विमानातून उतरल्या उतरल्या भाषा शिकायला बसणारा माणूस प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. माणूस आधी घर बघतो, मग बँकेचं बघतो, मग सोलच्या इतेवॉनला जाऊन मशिदीजवळच्या दुकानांतून तूरडाळ, हिंग आणि कणीक घेऊन येतो. हे सगळं मार्गी लागलं की "आता जरा भाषेचं बघू" असं म्हणतो. हे बघणं व्हिसाचं दोनदा नूतनीकरण होईपर्यंत चालू राहतं. तोवर त्याच्याजवळ तीन शब्द जमलेले असतात: आन्यॉंगहासेयो, काम्साहाम्निदा आणि किमची. त्यातला तिसरा तो पुण्याहूनच घेऊन आलेला असतो.

एसटी स्टँडवर पूर्वी 'तीस दिवसांत' अमुक भाषा शिकवणारी पुस्तकं मिळायची. ती घेऊन कोणाला एकतिसाव्या दिवशी ती भाषा बोलताना पाहिलं नाही, तरी पुस्तकं खपत राहिली. आम्ही दिवसांचा आकडा देणार नाही. पद्धत तेवढी देऊ.

पूर्वतयारी: पळवाटांची मोजदाद

कोरियन शिकण्याच्या वाटा कोरियात मुबलक आहेत. अडचण पळवाटांची आहे. तुम्ही सुवॉनला सॅमसंगमध्ये असाल, नाम्यांगला ह्युंदाईच्या संशोधन केंद्रात असाल, किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पदार्थविज्ञानात पीएचडी करून इथल्या एखाद्या प्रयोगशाळेत आलेल्या अनेकांपैकी एक असाल, तर तुमचं काम इंग्रजीत चालतं. कागदपत्रांना पापागो हे भाषांतराचं अ‍ॅप आहे. फोन करायचा असला की शेजारच्या टेबलावरचा कोरियन सहकारी आहे. खाण्याची ऑर्डर यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून देता येते. इमिग्रेशनची काही भानगड असेल तर १३४५ या नंबरावर इंग्रजीसकट बऱ्याच भाषांत बोलणारी माणसं बसलेली आहेत. इतक्या सोयी असताना जो माणूस भाषा शिकेल तो एकतर साधू असेल किंवा प्रेमात पडलेला.

याच्या उलट एक दृश्य बघायचं असेल तर रविवारी आन्सान शहरातल्या वॉन्गोक-दोंग भागात फेरफटका मारा. कारखान्यांत काम करणारे परदेशी कामगार तिथे सुट्टीला जमतात. एखादा नेपाळी तरुण मोबाइलच्या दुकानात महिन्याच्या प्लॅनवरून दुकानदाराशी कोरियनमध्ये कडाकडा भांडताना दिसेल. आपल्या डॉक्टरेटवाल्याला त्या भांडणातला फक्त "फोन" हा एकच शब्द कळतो, आणि तो इंग्रजी आहे. फरक बुद्धीचा नाही. परदेशी कामगारांसाठी कोरियाने २००४ साली परवाना पद्धत सुरू केली. त्यातून यायचं तर आधी मायदेशी कोरियन भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. नेपाळ त्या देशांच्या यादीत आहे, भारत नाही. म्हणजे ज्याला कारखान्यात यंत्रावर उभं राहायचं त्याची भाषा तपासून घेतली जाते, आणि ज्याला यंत्राचं डिझाइन करायचं त्याला कोणी काही विचारत नाही.

तेव्हा पहिला स्वाध्याय: या आठवड्यात तुम्ही कोणकोणत्या पळवाटेने गेलात ते वहीत लिहा. वही दोनशे पानी घ्या.

लिपी: एका शनिवार-रविवारचं काम

हांगुल लिपी सेजोंग राजाने १४४३ साली सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. त्याआधी चिनी चित्रलिपी शिकायला आयुष्य खर्ची घालावं लागे, त्यामुळे सामान्य रयतेच्या वाट्याला अक्षर येतच नव्हतं. नवी लिपी शहाण्याला एका सकाळीत येईल आणि मठ्ठाला दहा दिवसांत, असा हिशोब राजाच्या दरबारातल्या एका पंडिताने तेव्हाच मांडून ठेवला. तुम्ही यातले कोण, हे शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास समजेल. चौदा व्यंजनं, दहा स्वर, बाकी सगळी त्यांची जोडाजोड. बाराखडी घोकून मोठं झालेल्या माणसाने याला घाबरणं शोभत नाही.

लिपी आली की रस्त्यावर पाट्या वाचत सुटावं. पहिल्या तासाभरात मोठा साक्षात्कार होतो. एवढे दिवस जे अगम्य वाटत होतं त्यातलं निम्मंअधिक इंग्रजीच आहे. कॉफीचं 'खॉपी', बसचं 'बॉसू', फ्लॅटचं 'आपाथू'. खाणावळीच्या भिंतीवरची पाटी 'मुल' म्हणजे पाणी 'सेल्फू' आहे असं सांगत असते. तुम्ही आजवर टेबलाशी बसून कोणी पाणी आणून देईल म्हणून वाट बघत होतात. साक्षरतेचं पहिलं फळ म्हणून उठा आणि कोपऱ्यातल्या यंत्रातून पेला भरून घ्या.

उच्चारांचं मात्र सकाळीत होत नाही. कोरियनमध्ये क-वर्गाच्या जागी तीन व्यंजनं आहेत. एक घट्ट दाबलेला, तो आपल्या 'क'च्या जवळचा. एक हवा सोडणारा, तो आपला 'ख'. हे दोन्ही मराठी माणसाला फुकटात मिळतात. सोबतचा अमेरिकन वर्गात 'ख'साठी धडपडत असताना तुम्ही पाय पसरून बसू शकता. रडवतो तो तिसरा, साधा म्हणवणारा. शब्दाच्या सुरुवातीला तो क आणि ख यांच्या मधेच कुठेतरी लटकतो, आणि दोन स्वरांच्या मधे सापडला की सरळ 'ग' होतो. मांसाला 'कोगी' म्हणतात. त्यातली दोन्ही व्यंजनं लिहिताना एकच आहेत. त-वर्गाचं तेच. चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन शब्द 'ताल', 'त्ताल', 'थाल' अशा काहीशा उच्चारांनी वेगळे होतात, आणि हल्लीच्या सोलमध्ये तर पहिल्याचा सूर खाली आणि तिसऱ्याचा वर ठेवला तरच ऐकणाऱ्याला खात्री पटते. "मला एक मुलगी आहे" हे वाक्य ऑफिसात सांगण्यापूर्वी घरी पुष्कळ वेळा म्हणून बघा. चंद्र आहे असं सांगणाऱ्या माणसाकडे लोक आदराने बघतात, पण जरा लांबून.

लिहिलेलं एक आणि वाचलेलं दुसरं, याबद्दलही नवशिके तक्रार करतात. मराठी नवशिक्याने ती करू नये. आठवी-नववीच्या व्याकरणात वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय, जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, हे आपण केलेलं आहे. कोरियन दिवसभर तेवढंच करते. लिहायचं 'हाप्निदा', पुढे 'न' दिसला की 'प'चा 'म' होतो, म्हणायचं 'हाम्निदा'. म्हणजे "काम्साहाम्निदा" म्हणणारा प्रत्येक जण ती अनुनासिक संधी करूनच आभार मानत आलेला आहे. आमच्या व्याकरणाच्या बाईंनी हे सारं कोणत्या कामासाठी शिकवलं होतं याचा उलगडा असा परदेशात होतो.

गुरुजन

आता शिक्षक. ते घरातच आहेत. लिफ्ट तुम्हाला दिवसातून चार-सहा वेळा दार उघडतंय, दार बंद होतंय, असं शुद्ध कोरियनमध्ये आणि आदरार्थी क्रियापद वापरून सांगते. तुम्ही कानांत इअरफोन घालून उभे असता. ते काढा. भाताचा कुकर तर जन्मजात शिक्षक आहे. कोरियन कुकर शिट्टी मारत नाही, बोलतो. शिजवायला घेतो म्हणून सांगतो, वाफ सोडतो म्हणून सावध करतो, आणि झाल्यावर भात नीट हलवून घ्या अशी विनंती करतो. त्यात तुम्ही मुगाची खिचडी लावलेली असते हे त्याला ठाऊक नसतं, तरीही त्याचा सूर बदलत नाही. त्याच्या प्रत्येक वाक्यामागून तेच वाक्य म्हणा. एवढ्या सौजन्याने बोलणारा आणि चुकलात तर न हसणारा शिक्षक माणसांत मिळणार नाही.

पण मुख्य गुरू खाली, इमारतीच्या दाराशी बसतात. कोरियन गृहसंकुलात एक वयस्क पहारेकरी असतात, त्यांना 'क्यॉंगबी आजॉशी' म्हणतात. त्यांना इंग्रजी येत नाही, वेळ मुबलक असतो आणि तुमचा कचरा हा त्यांच्या आस्थेचा विषय असतो. आठवड्यातून ठरलेल्या एका संध्याकाळी सगळं संकुल सुका कचरा वेगवेगळा करून आणून टाकतं. तुम्हीही पिशव्या घेऊन उतरा. आजॉशी येतील, तुमच्या पिशवीत हात घालतील, एक वस्तू वर काढतील, दिव्याच्या उजेडात धरतील आणि तिचं नाव उच्चारतील. "बिनिल." म्हणजे पातळ प्लास्टिक, ते त्या तिकडच्या पोत्यात. "चोंगी." म्हणजे कागद. पाण्याची पारदर्शक बाटली वर आली की ते तिच्यावरचं लेबल नखाने सोलून दाखवतील, कारण २०२० च्या डिसेंबरपासून संकुलांत ती लेबल काढून वेगळीच टाकावी लागते. खोक्यावर चिकटपट्टी राहिली असेल तर एक दीर्घ निःश्वास येतो. हा निःश्वास कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिलेला नाही, पण अर्थ लगेच कळतो.

ओल्या कचऱ्याचा अभ्यासक्रम वरच्या इयत्तेचा आहे. त्याचं यंत्र असतं. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, टाकलेल्याचं वजन होतं, यंत्र आकडा दाखवतं आणि तेवढे पैसे महिन्याच्या बिलात चढतात. काय टाकायचं याचा ढोबळ नियम असा की जनावर जे खाऊ शकेल ते ओलं. त्यामुळे अंड्याची टरफलं, कांद्याची सुकी सालं, आंब्याची कोय आणि चहाचा चोथा यात जात नाही. ते सगळं पालिकेच्या विकतच्या पिशवीत. ही विकतची पिशवी १९९५ पासून देशभर सक्तीची आहे, आणि दुकानात ती मागणं हे मराठी कुटुंबाचं बहुधा पहिलं पूर्ण वाक्य असतं. मराठी घरातल्या चहाच्या चोथ्याचं प्रमाण लक्षात घेता आजॉशींशी तुमची गाठ दर एक दिवसाआड पडेल. टाळू नका. मुद्दाम चूक करायचीही गरज नाही, ती होतेच.

सूचना: आजॉशी, दुकानदार, बस ड्रायव्हर हे बोलताना "ने, ने" म्हणतात. तो होकार आहे. समोरची वस्तू उचलून न्यावी असा त्याचा अर्थ नाही.

वय सांगा, मग क्रियापद ठरवू

कोरियन माणूस ओळख होताच जन्मसाल विचारतो. हा आगाऊपणा नव्हे, व्याकरण आहे. समोरचा मोठा की लहान हे ठरल्याशिवाय वाक्याचा शेवट करता येत नाही, आणि आपल्यासारखंच कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं. म्हणजे वय कळेपर्यंत सगळा देश वाक्याच्या मध्यावर खोळंबलेला असतो. त्यातून वय मोजण्याचीही इथे जुनी रीत निराळी. जन्मताच एक वर्ष आणि दर एक जानेवारीला आणखी एक, त्यामुळे ३१ डिसेंबरचं मूल दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. जून २०२३ मध्ये सरकारी कामकाजापुरता हा घोळ कायद्याने मिटवला. जेवणाच्या टेबलावर अजून जन्मसालच विचारतात.

तू, तुम्ही आणि आपण यांत वाढलेल्या माणसाला हे समजायला जड नाही. पण आपल्याकडे सर्वनाम बदललं, क्रियापदाला एक 'ता' लावला की भागतं. इथे 'तुम्ही' हा शब्द शक्यतो वापरतच नाहीत. हुद्दा नाहीतर नातं लावतात, आणि सगळा मान क्रियापदाच्या शेपटीत असतो. खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो', म्हणजे मावशी, म्हणून हाक मारायची सर्रास पद्धत आहे. इथे मराठी माणसाला काहीही नवीन शिकायचं नाही. पोळीवाल्या मावशींना आपण ज्या सुरात हाक मारतो तोच सूर लावा, आणखी किमची येते.

सलगीच्या बोलण्याला 'पान्माल' म्हणतात. नवशिक्याच्या तोंडी ते दोन मार्गांनी शिरतं. पहिला मालिका. तिथे नायक-नायिका तिसऱ्या भागापासून एकमेकांशी पान्मालमध्ये बोलतात, खलनायक सगळ्यांशीच बोलतो, आणि तुम्ही त्यांची वाक्यं पाठ करून विभागप्रमुखांना ऐकवता. ऐतिहासिक मालिकांचे शौकीन वेगळ्या पेचात सापडतात. त्यांना महाराजांपुढे लोटांगण घालण्याची भाषा उत्तम येते आणि दुधाची पिशवी मागता येत नाही.

दुसरा मार्ग तुमचं स्वतःचं मूल. पाळणाघरात घातलेलं तीन-चार वर्षांचं पोर सहा महिन्यांत कोरियन बोलायला लागतं आणि वर्षभरात आईबाबांचे उच्चार दुरुस्त करतं. पुष्कळ मराठी घरांत दाराशी आलेल्या कुरिअरवाल्याशी तेच बोलतं, आई मागे उभी राहून सही करते. या दुभाष्याला पगार लागत नाही. पण त्याची भाषा पाळणाघरातल्या सवंगड्यांची आहे. त्याच्याकडून शिकलेली वाक्यं घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजरला "ए, माझे पैसे दे" असं ऐकू येईल.

घरात नोकरीला जाणारा एक आणि त्याच्या व्हिसावर आलेली दुसरी व्यक्ती असेल, तर भाषा दुसऱ्या व्यक्तीला आधी येते. भाजी तिला आणायची असते, डॉक्टरकडे तिला जायचं असतं, शाळेची चिठ्ठी तिला वाचायची असते. वर सांगितलेल्या पळवाटा ऑफिसच्या दाराच्या आत आहेत.

पोटासाठी

शाकाहारी माणूस मांसाहारी माणसापेक्षा लवकर कोरियन शिकतो, हे आमचं निरीक्षण आहे. "प्पे जुसेयो", म्हणजे काढून द्या, हे त्याचं बीजवाक्य. "कोगी प्पे जुसेयो" म्हटलं की समोरच्या मावशी मान डोलावतात आणि हॅम घालून किम्बाप आणून ठेवतात, कारण रोजच्या बोलण्यात हॅम म्हणजे कोगी नव्हे. मासा तर नव्हेच. म्हणून मांस, हॅम, मासा, कोळंबी, प्रत्येकाचं नाव घेऊन ते काढायला सांगावं लागतं. एका किम्बापपायी चार नामं आणि एक क्रियापद तयार होतं. शेवटी बाजूची किमची समोर येते आणि तिच्यात खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, हे कळतं तेव्हा तुमची शब्दसंपत्ती पुरेशी वाढलेली असते. मांसाहारी सहकारी तोवर पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून जेवून गेलेला असतो.

आकडे

आकडे दोन प्रकारचे. एक अस्सल कोरियन, एक चिनी वळणाचे. तास पहिल्याने मोजायचे आणि मिनिटं दुसऱ्याने. साडेतीन म्हणजे 'से शी साम्शिप पून', एकाच घड्याळात दोन्ही. माणसं आणि पेले पहिल्याने, पैसे आणि मजले दुसऱ्याने. इथे वर्गातले युरोपीय विद्यार्थी वह्या मिटतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे न गडबडता म्हणणाऱ्या माणसाने तरी मिटू नये. मोठ्या रकमा हजारांच्या पटीत जात नाहीत, दहा हजारांच्या पटीत जातात. दहा हजारांना 'मान' आणि दहा कोटींना 'ऑक'. घराच्या अनामत रकमेचा आकडा ऑकमध्ये सांगितला तर आधी शून्यं मोजा, मग सही करा.

वर्ग, परीक्षा आणि अपेक्षित प्रश्न

हे सगळं वाचून ज्यांना रीतसर वर्गच हवा असं वाटत असेल त्यांच्यासाठी. सोलच्या योन्से विद्यापीठाची भाषासंस्था १९५९ पासून परदेशी लोकांना कोरियन शिकवते आहे. नेहमीचं सत्र दहा आठवड्यांचं, रोज चार तास, एकूण दोनशे तास. इतरही विद्यापीठांत साधारण हाच साचा आहे. नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही. तसं तो दर सत्राच्या सुरुवातीला चौकशी करून खात्री करून घेतो.

नोकरदाराने कायदा मंत्रालयाचा सामाजिक एकात्मतेचा कार्यक्रम धरावा. २००९ पासून चालू आहे. शून्य ते पाच अशा पायऱ्या, शून्याची फक्त पंधरा तासांची, पुढच्या चार प्रत्येकी शंभर तासांच्या, संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचेही वर्ग मिळतात. ऐंशी टक्के हजेरी लागते. पुढे कायम वास्तव्याचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर इथल्या पायऱ्या कामाला येतात. याच कारणाने वर्गात गंभीर चेहऱ्याची माणसं भेटतात: व्हिएतनामहून लग्न करून आलेल्या सुना, उझबेकिस्तानचे कामगार, कोरियन बायकोच्या माहेरच्यांशी बोलायची वेळ आलेला एखादा कॅनेडियन. आयटीवाला तिथे नेमका शेवटच्या बाकावर सापडतो. याशिवाय पालिकांची कुटुंब केंद्रं आहेत, आणि चर्चमधले रविवारचे फुकट वर्ग आहेत. चर्चच्या वर्गानंतर गरम जेवण असतं आणि जेवणानंतर प्रार्थनेचं आमंत्रण. ज्याने त्याने आपल्या भुकेप्रमाणे ठरवावं.

परीक्षेचं नाव टोपिक, १९९७ पासूनची. तिची पहिली पातळी म्हणजे शंभर मिनिटांत सत्तर प्रश्न, ऐकणं आणि वाचणं, सगळे पर्याय निवडा छापाचे, गुण दोनशे. ऐंशी मिळाले की पहिली श्रेणी, एकशे चाळीस मिळाले की दुसरी. लिहायचं काही नाही, बोलायचं काही नाही. 'एकवीस अपेक्षित' सोडवून दहावी काढलेल्या पिढीला याहून मोठं वरदान कोणतं? मराठी उमेदवार जुन्या प्रश्नपत्रिका आणतो, नमुना ओळखतो, तोंडातून एक अक्षर न काढता दुसरी श्रेणी मिळवतो, आणि प्रमाणपत्र खिशात घेऊन "बिल द्यायचंय" हे कोरियनमध्ये कसं सांगतात ते सहकाऱ्याला इंग्रजीत विचारतो. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. तेवढ्यात कोणाशीतरी बोलून टाकावं.

तोंडी परीक्षा: ह्वेशिक

ऑफिसच्या एकत्र जेवणाला ह्वेशिक म्हणतात. इथे पर्याय निवडा नसतं. ज्येष्ठाला दोन्ही हातांनी ओतायचं, त्यांच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं. दारू न पिणाऱ्याने पाणी घेऊन हेच करावं, चालतं. पहिल्या तासात सगळे तुमच्याशी इंग्रजी बोलतात. दुसऱ्या तासात त्यांची इंग्रजी संपते. तिथून पुढे भाषेचा मोफत वर्ग असतो, आणि आपले लोक नेमके त्याच वेळी शेवटची मेट्रो आहे म्हणून उठतात.

एक विषय मात्र हमखास निघतो, त्याची तयारी करून जा. इसवी सन ४८ मध्ये आयुता नावाच्या दूरदेशाची राजकन्या हॉ ह्वांग-ओक समुद्रमार्गे कोरियात आली आणि तिने इथल्या सुरो राजाशी लग्न केलं, अशी कथा तेराव्या शतकातल्या 'साम्गुक युसा' या ग्रंथात आहे. आयुता म्हणजे अयोध्या असं मानणारे पुष्कळ आहेत, अयोध्येत २००१ साली तिचं स्मारकही झालं. गिम्हेची किम आणि हॉ ही घराणी आपला वंश तिच्यापर्यंत नेतात. हॉ आडनावाचा सहकारी दुसऱ्या तासात तुमच्या गळ्यात हात टाकून आपण एकाच रक्ताचे आहोत असं सांगेल. इतिहासकारांचे आक्षेप त्या वेळी मांडू नयेत. 'मामा' किंवा 'मोठे दादा' याला काय म्हणतात ते आधी पाहून ठेवावं आणि नातं पदरात पाडून घ्यावं. रोज तुमच्याशी कोरियन बोलायला ज्याला कारण आहे असा एक माणूस ऑफिसात तयार झाला, याची किंमत योन्सेच्या फीएवढी आहे.

कौतुकाविषयी इशारा

तुम्ही आन्यॉंगहासेयो म्हणताच समोरचा "किती छान कोरियन बोलता!" असं म्हणेल. यात अर्थ शोधू नका. हे त्यांचं "या, बसा" आहे. बरेच लोक या पहिल्याच वाक्याच्या कौतुकावर समाधानी होऊन आयुष्यभर त्याच वाक्यावर राहिले. खरी प्रगती झाली की कौतुक बंद होतं. टॅक्सीवाला तुमच्या कोरियनबद्दल एक अक्षर न बोलता थेट घरांच्या किमतींबद्दल तक्रार सुरू करतो. त्या दिवशी घरी जाऊन गोड करा.

भाषा आल्यानंतरची काळजी

भाषा आल्याचे तोटेही सांगितले पाहिजेत. ऑफिसच्या ज्या काकाओटॉक ग्रुपमध्ये तुम्हाला आजवर घेतलं नव्हतं त्यात घेतलं जातं. मग शनिवारी सकाळी सात वाजता विभागप्रमुखांबरोबर डोंगर चढायला जायचं आहे हे तुम्हाला वाचता येतं, आणि वाचलं हे त्यांना दिसतं. मीटिंगमध्ये तुमच्याविषयी काय बोलतात तेही समजायला लागतं. ते फारसं वाईट नसतं, बरंचसं जेवणाबद्दलच असतं.

सगळ्यात मोठा तोटा म्हणजे तुम्ही मराठी मंडळींचे सार्वजनिक दुभाषे होता. गणपतीच्या वर्गणीपेक्षा दवाखान्याचे फोन जास्त येतात. एखाद्या जानेवारीत, बाहेर उणे बारा असताना, रात्री साडेदहाला परवाच पुण्याहून आलेला एक मुलगा फोन करेल: "दादा, बॉयलर बंद पडलाय, फरशी बर्फासारखी झालीये, घरमालकाला जरा फोन करून सांगाल का?" त्याला म्हणावं, लिहून घे. "बोइल्लॉगा कोजांग नास्सॉयो." दोनदा म्हणवून घ्यावं, दुसऱ्यांदा 'कोजांग'चा 'क' जरा सैल सोडायला सांगावं, घरमालकाचं वय साठीच्या पुढे आहे तेव्हा शेवटचा 'यो' गाळू नकोस म्हणून बजावावं. आणि फोन त्यालाच करायला लावावा.